तेलुगू घरचं जेवण: पप्पूपासून दह्यापर्यंत

तेलुगू जेवण म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'तिखट'. गुंटूरची मिरची तिथलीच, तेव्हा ते खोटंही नाही. पण एखाद्या तेलुगू घरात रोजचा स्वयंपाक होताना नीट पाहिलं, तर सकाळी आधी आंबटाचा निर्णय होतो. आज चिंच, कैरी, अंबाडी, टोमॅटो, लिंबू की ताक? ते ठरलं की मिरची किती घालायची, सोबत कोरडी भाजी कोणती करायची आणि चारू म्हणजे आंबट सार दाट हवं की पातळ, हे सगळं त्यामागून येतं. मिरची त्या आंबटाला तोलते आणि भात दोघांना सामावून घेतो. हा हिशोब कळला की मराठी स्वयंपाकघरातल्याच सामानातून अस्सल चवीचं तेलुगू ताट करता येतं. त्यासाठी फार थोड्या वस्तू बाहेरून आणाव्या लागतात.

ताटाचा क्रम

तेलुगू ताटात भात एकदाच वाढून संपत नाही. तो पुन्हा पुन्हा वाढला जातो आणि दर वेळी त्यात वेगळं काही कालवलं जातं. पहिला भात गरम, त्यावर पप्पू म्हणजे घट्ट वरण, चमचाभर तूप आणि कडेला लोणचं. काही घरांत त्याच्याही आधी पोडी म्हणजे कोरडी चटणी आणि तूप कालवून चार घास खातात. मग पच्चडी म्हणजे ठेचलेली चटणी, किंवा कूर म्हणजे भाजी. त्यानंतर पुलुसु किंवा चारू, म्हणजे पातळ आंबट पदार्थ. शेवटचा भात पेरुगुचा म्हणजे दह्याचा, नाहीतर मज्जिगचा म्हणजे ताकाचा. दह्याशिवाय जेवण पुरं झालं असं तिथे कोणी मानत नाही.

हा क्रम मोडून सगळं एकदम कालवलं की प्रत्येक चव मरते. पाहुण्यांना वाढताना निदान पहिल्या वेळी तरी हा क्रम पाळायला सांगा.

माझा आणखी एक आग्रह आहे: ठळक आंबट असे दोन पदार्थ एका जेवणात शेजारी आणू नका. कैरीचं पप्पू असेल तर सोबत कोरडी पोडी आणि परतलेली भाजी ठेवा. अंबाडीची पच्चडी असेल तर पप्पू साधं ठेवा, म्हणजे 'मुद्द पप्पू'. त्यात तूरडाळ, हळद आणि मीठ एवढंच असतं.

सामान

तांदूळ बारीक, सुटा होणारा पण मऊ शिजणारा हवा. आंध्रातल्या बापटल्याला विकसित झालेला सांबा मसुरी हा वाण, ज्याला शेतकरी बीपीटी ५२०४ म्हणतात, तिकडे घराघरांत आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या सोना मसुरीनं काम उत्तम भागतं. जुना तांदूळ घ्या. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर इथे चालत नाही. त्यांचा चिकटपणा आणि सुवास चारूच्या आड येतो.

मिरची शक्यतो गुंटूर. आपल्या किराणा बाजारात ती त्याच नावानं मिळते आणि नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादची मिरचीची बाजारपेठ तर प्रसिद्धच आहे. फार जहाल वाटली तर निम्मी गुंटूर, निम्मी ब्याडगी घ्या. नुसत्या ब्याडगीनं रंग येईल, पण आंबटाला तोलणारा तिखटपणा येणार नाही.

तेल दोन प्रकारचं ठेवा. रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचं, लोणचं, पोडी आणि पुलिहोरा म्हणजे चिंचेच्या भातासाठी तिळाचं. तिळाचं तेल घाण्याचं मिळालं तर चवीत मोठा फरक पडतो.

याशिवाय जुनी चिंच, कढीपत्ता, हिंग, मेथीदाणे, मोहरी, जिरे, उडीदडाळ आणि हरभराडाळ. गोडा मसाला, काळा मसाला, गरम मसाला या जेवणापुरते बाजूला ठेवा. गूळ लागतो, पण थोडका.

फोडणी

तिला भागाभागांत पोपु, तालिंपु किंवा तिरगमोत म्हणतात. मराठी फोडणीशी मुख्य फरक डाळींचा. तेल मध्यम तापलं की आधी हरभराडाळ, ती किंचित रंगली की उडीदडाळ, मग मोहरी आणि जिरे. मोहरी तडतडली की सुक्या लाल मिरच्या मोडून, ठेचलेली लसूण, शेवटी कढीपत्ता आणि हिंग. आच मंद ते मध्यम. डाळी बदामी व्हायला हव्यात, दाताखाली कुरकुरीत लागायला हव्यात. मोठ्या आचेवर त्या बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात. हळद बहुतेक वेळा फोडणीत न घालता पदार्थ शिजतानाच घालतात.

पप्पूच्या फोडणीत हरभराडाळ सहसा नसते. पच्चडी आणि पुलिहोराच्या फोडणीत ती हवीच.

मामिडिकाय पप्पू, म्हणजे कैरीचं वरण

एक वाटी तूरडाळ धुऊन अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरला लावा. एका मध्यम आंबट कैरीचं साल काढून मोठ्या फोडी करा आणि वेगळ्या भांड्यात त्याच कुकरमध्ये ठेवा. कैरी डाळीतच घालून शिजवू नका. आंबटात डाळ कणीदार राहते, कितीही शिट्ट्या केल्या तरी मऊ होत नाही.

डाळ शिजली की लाकडी रवीनं किंवा डावानं घोटा, पण पार गुळगुळीत करू नका. त्यात कैरीच्या फोडी, उभ्या चिरलेल्या चार हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा तिखट आणि मीठ घालून पाच-सात मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. फोडी थोड्या विरघळाव्यात, थोड्या दिसाव्यात. दुसऱ्या कढल्यात दोन चमचे तेल किंवा तूप तापवून अर्धा चमचा उडीदडाळ, मोहरी, जिरे, चिमूटभर मेथी, तीन लाल मिरच्या, सहा लसूणपाकळ्या, कढीपत्ता, हिंग अशी फोडणी करून वरून ओता आणि लगेच झाकण ठेवा.

पप्पू घट्टच हवं. भातावर घातलं की ते पसरू नये. आमटीसारखं वाहायला लागलं तर तूप नीट धरत नाही. गूळ घालायचा मोह टाळा, कारण कैरीचा आंबटपणा हाच या पदार्थाचा प्राण आहे. हीच कृती टोमॅटोची, पालकाची (त्यात थोडी चिंच) आणि अंबाडीची. फक्त अंबाडीचं पप्पू करताना पानं वेगळी वाफवून घ्या.

पच्चडी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तेलुगू घरातल्या स्वयंपाकाची खरी श्रीमंती मला पच्चडीत दिसते. 'रोटी पच्चडी' हे नाव ऐकून आपल्याला पोळी आठवते, पण त्यातला रोलु म्हणजे दगडी उखळ. उखळात ठेचलेली ती रोटी पच्चडी. जवळपास कोणतीही भाजी या रीतीनं करता येते: वांगं, दोडका, तोंडली, कोबी, कच्चा टोमॅटो. दोडक्याच्या शिरांची चटणी आपण करतोच, तीही तिकडे आवडीनं होते.

साचा एकच आहे, तो हातात बसू द्या. उदाहरण दोडक्याचं घेऊ.

दोन कोवळे दोडके सोलून, चिरून ठेवा. कढईत दोन चमचे तेल घालून एक चमचा हरभराडाळ, एक चमचा उडीदडाळ, अर्धा चमचा जिरे आणि सहा-सात हिरव्या मिरच्या परता. डाळी बदामी झाल्या की काढून गार करा. त्याच कढईत दोडका घालून पाणी न घालता परता. त्याचं स्वतःचं पाणी सुटेल, ते आटेपर्यंत थांबा. सुपारीएवढी चिंच त्या गरम दोडक्यातच टाकून ठेवा, मऊ पडते.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी डाळी, मिरच्या आणि मीठ एवढंच भरड वाटा. मग चिंच. सगळ्यात शेवटी भाजी, आणि ती जेमतेम ठेचायची. मिक्सर असेल तर दोन-तीनदा थांबत थांबत फिरवा. भाजीचे तुकडे जिभेला लागायला हवेत. सगळं एकदम टाकून फिरवलं तर डाळी गुठळ्यांत राहतात आणि भाजीचा लगदा होतो. वरून मोहरी, उडीदडाळ, लाल मिरची, कढीपत्ता आणि हिंगाची फोडणी.

आता गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीची भाजी आणि भाकरी खाणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला ती भरपूर मिळते. लाल देठाची अंबाडी जास्त आंबट, हिरव्या देठाची थोडी सौम्य. पच्चडीला लाल देठाची घ्या.

दोन जुड्यांची नुसती पानं खुडा. धुऊन फडक्यावर पसरा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. शक्यतो आदल्या रात्रीच हे करा, कारण पानांवर पाणी राहिलं तर पच्चडी दोन दिवसांत बिघडते. कढईत तीन मोठे चमचे तेल घेऊन दहा-बारा सुक्या मिरच्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा मोहरी आणि पाव चमचा मेथीदाणे मंद आचेवर परता. मेथी लालसर झाली की थांबा, काळी झाली तर सगळं कडू होईल. हे काढून घ्या. उरलेल्या तेलात पानं घाला. ढीगभर पानं पाहता पाहता मूठभर होतात, हिरवा रंग जाऊन मळकट खाकी होतो. त्या रंगानं घाबरू नका, तोच बरोबर आहे. पानांचा लगदा होऊन तेल कडेला दिसेपर्यंत परतत राहा.

मिरच्या-मसाला, मीठ आणि सात-आठ लसूणपाकळ्या कोरड्या वाटून घ्या, मग त्यात गार झालेला अंबाडीचा लगदा घालून एकत्र ठेचा. चिंच नको, अंबाडी स्वतःच पुरेशी आंबट आहे. पाण्याचा थेंबही नको. तिळाच्या तेलाची फोडणी वर घाला. मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं, कमी पडलं तर आंबटपणा बोचतो. जेवताना वाटीत थोडी पच्चडी घेऊन त्यात कच्चा कांदा चिरून घाला, गरम भात आणि तुपाबरोबर खा. कांदा सगळ्या पच्चडीत मिसळू नका, टिकणार नाही. कांद्याविना ती फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहते.

ही पच्चडी केल्यावर तासभर तरी झाकून ठेवा. लगेच खाल्ली तर मिरची आणि आंबट वेगवेगळे लागतात.

कंदि पोडी

एक वाटी तूरडाळ कोरडीच मंद आचेवर भाजा. दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढी द्यायचीच. आतपर्यंत भाजलेली डाळ फोडून पाहिली तर मध्येही रंगलेली दिसते. आठ सुक्या मिरच्या आणि एक चमचा जिरे वेगळे भाजा. गार झाल्यावर मीठ घालून रवाळ दळा. काही घरांत शेवटी दोन-चार लसूणपाकळ्या घालून एक फेरा देतात. अशी लसणीची पोडी पंधरा दिवसांत संपवा, बिनलसणीची महिनाभर राहते. गरम भात, पोडी, तूप: थकून घरी आल्यावर यापेक्षा लवकर होणारं जेवण मला माहीत नाही.

गुत्ति वंकाय

भरली वांगी आपल्याकडेही आहेत, म्हणून फरक सांगते. दाण्याकूट-खोबऱ्याचा रस्सा असलेली गुत्ति वंकाय तेलुगू घरांत होते, पण किनारी आंध्रातली कोरडी रीत अधिक वेगळी आहे. दोन चमचे हरभराडाळ, एक चमचा उडीदडाळ, दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, आठ लाल मिरच्या हे थेंबभर तेलात खमंग भाजून, चिंचेचं लहान बुटुक आणि मीठ घालून कोरडं दळा. ही पूड देठासकट चार चिरा दिलेल्या अर्धा किलो लहान वांग्यांत दाबून भरा. पसरट कढईत चार चमचे तेल तापवून वांगी एका थरात मांडा, झाकण ठेवा, आच मंद. पाणी घालायचं नाही. पाच-पाच मिनिटांनी एकेक वांगं हलक्या हातानं फिरवा. साल सुरकुतलं, देठाजवळ सुरी सहज गेली की उरलेली पूड वर भुरभुरून दोन मिनिटांनी उतरवा.

वांगी चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, आणि भरण्याआधी पुसून घ्या.

मिरियाल चारू आणि पच्चि पुलुसु

चारूला अर्ध्या लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून तिचा कोळ काढा आणि चार वाट्या पाणी होईल इतका पातळ करा. त्यात हळद, मीठ, एक चिरलेला टोमॅटो, कढीपत्ता घालून सात-आठ मिनिटं उकळा. चिंचेचा कच्चा वास जायला एवढा वेळ हवाच. एक चमचा मिरे, एक चमचा जिरे, पाच लसूणपाकळ्या खलबत्त्यात ओबडधोबड कुटून आता घाला. कडेनं फेस वर आला की गॅस बंद. मिरे घातल्यावर उकळत ठेवलं तर चारू कडवट होतं. तुपाची मोहरी-जिरे-हिंगाची फोडणी, कोथिंबीर, बस. भांडं स्टीलचं घ्या. चिंच लोखंडात काळी पडते.

पच्चि पुलुसु तेलंगणाचं. यात चूल जवळजवळ लागतच नाही, म्हणून उन्हाळ्यात फार सोयीचं. तीन वाट्या चिंचेचं पातळ पाणी, त्यात बारीक चिरलेला एक मोठा कांदा हातानं चुरडून, आचेवर भाजून कुस्करलेल्या तीन हिरव्या मिरच्या, भाजलेल्या तिळाची पूड दोन चमचे, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि कोथिंबीर. वरून फोडणी. साध्या मुगाच्या खिचडीबरोबर तिकडे हे घेतात, आणि आपल्या खिचडीलाही ते तितकंच शोभतं.

पुलिहोरा

सणाला आणि देवळात प्रसादाला होणारा हा भात. दोन वाट्या तांदूळ नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून सुटा शिजवा, परातीत पसरा. भात गरम असतानाच हळद, कढीपत्ता आणि दोन चमचे तिळाचं कच्चं तेल टाकून ठेवा. साठ ग्रॅम चिंचेचा घट्ट कोळ, चार उभ्या चिरलेल्या मिरच्या, मीठ आणि गुळाचा लहान खडा तेलात शिजवून जाम होईल इतका आटवा. डाळी आणि शेंगदाण्यांची भरपूर फोडणी करा. भात गार झाल्यावर सगळं हातानं कालवा. किनारी आंध्रात यात कच्च्या मोहरीचं वाटणही घालतात, चमचाभर मोहरी, एक मिरची आणि मीठ वाटून. त्याचा झणका नाकात जातो, पण सवय झाली की त्याविना पुलिहोरा अपुरा वाटतो. दोन तास मुरू द्या.

आवकाय

आवकाय म्हणजे कैरीचं लोणचं. मे महिन्यात आंबट, कडक, कोय धरलेली कैरी कोयीच्या कवचासकट फोडून घ्या. कवच असलं की फोड वर्षभर लिबलिबीत होत नाही. फोडी पुसून कोरड्या करा, आतली बी आणि पातळ पापुद्रा काढून टाका. पाच वाट्या फोडींना एक वाटी कच्च्या मोहरीची पूड, एक वाटी तिखट, पाऊण वाटी जाडं मीठ, चमचाभर मेथीदाणे आणि दीड वाटी तिळाचं तेल. मोहरी आधी उन्हात तापवा, पण भाजू नका. तेलही कच्चंच घाला. सगळं कालवून चिनीमातीच्या बरणीत भरा, तिसऱ्या दिवशी कोरड्या डावानं तळापासून ढवळा, चव पाहून मीठ वाढवा. तेलाचा थर फोडींच्या वर हवा, कमी असेल तर आणखी ओता. मुद्द पप्पू, तूप आणि आवकाय हा भात खाल्ल्यावर लोक तेलुगू जेवणाच्या प्रेमात का पडतात ते कळतं.

प्रांत बदलला की ताट बदलतं

वर बहुतेक किनारी आंध्राचं आलं. आंध्राचा रायलसीमा भाग कोरडवाहू, तिथे नाचणी आणि भाताचा घट्ट गोळा, रागी संगटी, गावरान कोंबडीच्या रश्शाबरोबर खातात. कर्नूल-अनंतपूरकडे सकाळी भिजवलेल्या चुरमुऱ्यांची उग्गाणी आणि मिरचीची भजी असतात. तेलंगणात ज्वारीची भाकरी, 'जोन्न रोट्टे', आपल्या इतकीच रोजची. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते, ताटांतलं हे साम्य त्या शेजाराचंही आहे. तांदळाच्या पिठात हरभराडाळ, तीळ, शेंगदाणे, कांदापात घालून पातेल्याच्या तळाला थापलेली सर्वपिंडी आपल्या थालीपीठ आवडणाऱ्यांनी जरूर करून पाहावी. कृष्णा-गुंटूर भागातलं उलवचारू म्हणजे कुळथाचं आटवलेलं कढण, कोकणी माणसाला ते परकं वाटणार नाही. आणि सोलापुरात तर विणकर पद्मशाली समाजामुळे तेलुगू घरं पिढ्यानपिढ्या आहेत. तिथे कोणी ओळखीचं असेल तर हे पदार्थ त्यांच्या हातचे एकदा आधी खा, मग करा.

रविवारचं ताट, कामाच्या क्रमानं

पावसाळ्यासाठी माझी निवड: मुद्द पप्पू, गोंगुरा पच्चडी, गुत्ति वंकाय, मिरियाल चारू, दही. उन्हाळ्यात: कैरीचं पप्पू, कंदि पोडी, भेंडीची कुरकुरीत परतून केलेली वेपुडु, पच्चि पुलुसु, दही.

पावसाळी ताट धरू. शनिवारी रात्री अंबाडी धुऊन वाळत टाका, दही लावा, वांग्यांची पूड दळून ठेवा. रविवारी सकाळी आधी पच्चडी, म्हणजे ती मुरते. मग चिंच भिजवा, डाळ आणि भात कुकरला लावा. कुकर चालू असताना एका शेगडीवर वांगी मंद आचेवर, दुसरीवर चारूचं चिंचेचं पाणी. कुकर उतरला की डाळ घोटून मीठ घाला. मिरे-जिरे सगळ्यात शेवटी, माणसं पानावर बसायच्या वेळेला कुटा. तूप पातळ करून वाटीत काढून ठेवा.

लहान मुलं असतील तर पच्चडीतली मिरची कमी करण्यापेक्षा त्यांना मुद्द पप्पू आणि तूप जास्त वाढा, आणि पच्चडी बोटाच्या टोकाएवढी. मिरची निम्मी केली तर मीठ आणि आंबटही त्याच प्रमाणात उतरवावे लागतात. दही आंबट नको, ताजं आणि गोडसर लावलेलं हवं, कारण ते सगळ्या आंबटांनंतर येतं.